दुसरं बंडल

कालिंदीच्या उजव्या हाताचा अंगठा
तर्जनीवर घासत राहतो, दिवसभर.
न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, याला गोळी वळणं म्हणतात.
मी काही बोललो नाही.
एकतीस वर्षं संयोगितागंज शाखेत कॅशियर होती ती.
मला दिसतं ते नोटा मोजणं.

सुदामानगरात शेवेच्या दुकानावर
अठरा पायऱ्यांचा जिना.
खाली बेसन तळतंय, वर दवाखाना.
डॉक्टर झलक पोरवाल, असेल बत्तीसची,
नानजिंगहून शिकून आलेली.
भिंतीवर माणसाचं चित्र, अंगभर रेघा,
आमच्या बोर्डाच्या नकाशात असायच्या तशा.
मी विजेच्या खात्यातला माणूस. मला पटेना.
एकाही रेघेला मीटर नाही.

गोळ्या बंद करायच्या नाहीत, ती आधीच म्हणाली.
मोठ्या डॉक्टरांच्या वेळा तशाच पाळायच्या:
सहा, दहा, दोन, सहा.
मी नुसती शेजारी एक खुर्ची टाकते.
"बरं होईल" असं ती म्हणाली नाही,
म्हणून मी बसलो.

नाडी पाहिली तीन बोटांनी, दोन्ही हातांची, बराच वेळ.
मग म्हणाली, जीभ दाखवा.
कालिंदीनं माझ्याकडे बघत दाखवली.

"आत वारा सुटलाय, असं म्हणतात तिकडे."
कालिंदी हसली,
चेहरा हल्ली जेवढं हसू देतो तेवढं.
"आमच्यातही वाराच. कंपवात.
एवढ्या लांब जाऊन
आमचाच शब्द घेऊन आलात."

सुया लागल्या. मग एक कांडी पेटवली,
धूर ओळखीचा निघाला.
दवण्याची चुलत बहीण, पोरवाल म्हणाली.
चैत्रात देवीला वाहतो आम्ही दवणा,
इथे त्याच्या नात्यातलं कुणी
तिच्या पोटरीपाशी हळूहळू जळत होतं,
आणि खालून शेवेचा वास येत होता.
मला भूक लागली. लाज वाटली.

मधल्या एका गुरुवारी तिचा चेक परत आला.
सही जुळत नाही.
अक्षर मुंगीएवढं झालंय तिचं,
शेवटाकडे तर मुंगीही निघून जाते,
वाट तेवढी उरते.
मी भांडायला निघालो. शर्टही चढवला.
"बसा," ती म्हणाली. "मीही परतच केला असता.
त्या पोराचं काही चुकलं नाही."
मग कपाटातून शाखेचं जुनं ओळखपत्र काढलं
आणि स्वतःची ब्याऐंशी सालची सही बघत बसली,
अनोळखी गिऱ्हाइकाची बघावी तशी,
चष्मा कपाळावर सारून.

नवव्या खेपेला, दुपारी पावणेतीनला,
टाळूवर चार सुया, मनगटाशी दोन,
अंगठा थांबला.

मी आधी घड्याळाकडे पाहिलं.
नंतर पंख्याकडे, उगाच.
तिचा हात चादरीवर पडला होता
काउंटर बंद झाल्यावर पडावा तसा,
आणि त्याच्यावर एक माशी बसली, उठली नाही.
किती दिवसांनी माशी बसली त्या हातावर.

सुयांमुळे? की पडून राहिल्यामुळे?
की दोनच्या गोळीमुळे?
"ठाऊक नाही," पोरवाल म्हणाली.
फी तीनशे.
या उत्तराचे वेगळे घेतले नाहीत.

उतरताना चौथ्या पायरीवर तिचे पाय रुजले.
कुणी मोजलं की सुटतात, एवढं मला आता कळतं.
एक, म्हणालो. दोन.
तिनं पाऊल टाकलं. तीन.
सहाव्या पायरीवर, कठड्यावरच्या हातात,
अंगठा पुन्हा तर्जनीवर सरकू लागला.

"सुरू झालं," माझ्या तोंडून गेलं.

तिनं हाताकडे पाहिलं,
आपल्याच शाखेतल्या नव्या मुलाकडे पाहावं तसं.
"दुसरं बंडल आहे," म्हणाली.
"मध्ये बोलू नका. मोजणी चुकते."